मानगुटीचा अस्थिबंध : घोड्याचा, कुत्र्याचा आणि आपला

अक्षक

शरीररचना शिकवताना एक आकृती मला नेहमी खटकते. माणसाची मान बाजूने दाखवलेली असते आणि कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून सातव्या मणक्यापर्यंत एक जाड, पिवळा, त्रिकोणी पडदा ताणून बसवलेला असतो. खाली लिहिलेलं असतं नुकल लिगामेंट, म्हणजे मानगुटीचा अस्थिबंध (अस्थिबंध म्हणजे हाडाला हाड जोडणारी पट्टी). ती पाहून विद्यार्थ्यांची समजूत होते की आपलं डोकं या पडद्याला टांगलेलं आहे. घोड्याच्या किंवा गाईच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. माणसाच्या बाबतीत नाही. म्हणून हा धागा.

आधी चार पायांवर चालणाऱ्या जनावरांचं पाहू. घोड्याचं डोकं आणि मान मिळून शरीराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा भरतो. पाचशे किलोच्या घोड्यात हे ओझं पन्नास किलोच्या आसपास जातं आणि ते धडाच्या पुढे, हवेत, आडवं लोंबत असतं. चरायचं तर ते जमिनीपर्यंत न्यायचं, कान टवकारायचे तर पुन्हा वर. दिवसातले कित्येक तास चरणाऱ्या प्राण्याने हे सगळं फक्त स्नायूंच्या बळावर करायचं ठरवलं, तर खाल्लेल्यातला मोठा वाटा त्यातच जाईल. स्नायू नुसतं वजन धरून ठेवायलाही ऊर्जा खातो. लवचीक अस्थिबंध खात नाही. डोकं खाली जाताना तो ताणला जातो, त्या ताणात ऊर्जा साठते आणि डोकं वर येताना ती परत मिळते.

हे जमतं ते इलॅस्टिन या प्रथिनामुळे. बहुतेक अस्थिबंधांत कोलॅजन या प्रथिनाचं राज्य असतं. कोलॅजन मजबूत, पण लांबीच्या आठ-दहा टक्क्यांपलीकडे ताणलं की तुटायला लागतं. इलॅस्टिन दुपटीच्या आसपास ताणलं तरी मूळ लांबीवर परत येतं. गाई-बैलांच्या मानगुटीच्या अस्थिबंधात कोरड्या वजनाच्या पाऊण भागाहून जास्त इलॅस्टिन असतं. त्याचा पिवळा रंग त्यामुळेच. इलॅस्टिनचा अभ्यास करणाऱ्यांनी कच्चा माल म्हणून वर्षानुवर्षं हाच अस्थिबंध वापरला. इलॅस्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधणारी डेस्मोसिन आणि आयसोडेस्मोसिन ही दोन अमिनो आम्लं १९६३ साली पार्ट्रिज आणि सहकाऱ्यांनी ओळखली, तीही बैलाच्या मानगुटीतूनच.

आता स्वतःची मान. हनुवटी छातीकडे न्या आणि कवटीच्या मागच्या उंचवट्याखाली मधोमध बोट ठेवा. बोटाखाली एक ताठ कड लागेल. डोकं सरळ करा, कड सैल होऊन नाहीशी होते. तोच आपला मानगुटीचा अस्थिबंध. सरळ उभ्या माणसात तो ढिला असतो, म्हणजे त्या वेळी डोकं धरून ठेवण्यात त्याचा वाटा जवळजवळ नाही.

त्याची रचनाही वेगळी आहे. मर्सर आणि बोगडुक यांनी २००३ साली मृतदेहांच्या विच्छेदनातून त्याचे दोन भाग नीट मांडले. वरचा भाग म्हणजे ट्रॅपीझियस, स्प्लेनियस, र्‍हॉम्बॉइड मायनर अशा दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या तंतुमय पट्ट्या मध्यरेषेवर एकमेकींत गुंफून तयार झालेली शिवण. खालचा भाग म्हणजे तिथून आत मणक्यांच्या काट्यांपर्यंत (मणक्यांतून मागे निघालेल्या हाडाच्या टोकांपर्यंत) गेलेला पातळ पापुद्रा. मुख्य घटक कोलॅजन, इलॅस्टिन थोडंच. चार पायांच्या जनावरांतल्या जाड दोरखंडाचं नाव आपल्यात या शिवणीला मिळालं आहे.

पशुवैद्यकातल्या, खेळातल्या, फिजिओथेरपीतल्या मंडळींनी आपापला अनुभव लिहावा.

खूर_आणि_टाप

धागा वाचून फार आनंद झाला. मोठ्या जनावरांवर काम करते, त्यामुळे या अस्थिबंधाशी रोजची गाठ आहे.

विच्छेदनाच्या टेबलावर घोड्याची मान उघडली की आयाळीखालची चरबी बाजूला करताच तो दिसतो. अंगठ्याहून जाड, फिकट पिवळा, हाताला ओलसर आणि घट्ट. मधोमध सुरी चालवली की दोन्ही टोकं झटकन मागे सरतात आणि मध्ये चांगली मोठी फट पडते. मेलेल्या जनावरातही तो ताणलेलाच असतो, हे त्या एका कापात दिसतं. तुकडा कापून दोन्ही हातांनी ओढला तर लांबतो, सोडला की पुन्हा आखडतो. तोच तुकडा पूर्ण वाळू दिला तर कडक होतो आणि वाकवताना मोडतो. इलॅस्टिनला लवचीक राहायला पाणी लागतं.

घोड्यात त्याचे दोन भाग असतात. एक दोर, जो कवटीच्या मागून निघून खांद्यावरच्या उंच काट्यांपर्यंत जातो. दुसरा पडदा, जो त्या दोरापासून आणि छातीच्या पहिल्या काही मणक्यांपासून निघून मानेच्या मणक्यांना पकडतो. जुन्या पुस्तकांत हा पडदा दुसऱ्यापासून सातव्या मणक्यापर्यंत दाखवतात, पण आजच्या बऱ्याच घोड्यांत सहाव्या-सातव्याकडे जाणारे पदर सापडत नाहीत. विद्यार्थ्यांना मी सांगते, पुस्तकातली आकृती लक्षात ठेवा, पण समोरच्या घोड्यात स्वतः शोधा.

खांद्यावरचे ते उंच काटे या रचनेचा फार महत्त्वाचा भाग आहेत. काटा जितका उंच, तितकी अस्थिबंधाला तरफ मोठी. गव्याच्या जातकुळीतल्या बायसनचा सांगाडा पाहा, खांद्यावरचे काटे अवाढव्य असतात, कारण पुढचं डोकंही तसंच आहे. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण हा गोंधळ खूप जणांचा होतो. बैलाचं वशिंड म्हणजे हा अस्थिबंध नव्हे. वशिंड मुख्यतः र्‍हॉम्बॉइड स्नायू आणि चरबीचं असतं.

आणखी एक आवडती बाब. वासराच्या मानगुटीत इलॅस्टिन बनण्याचा वेग गर्भावस्थेच्या शेवटच्या टप्प्यात झपाट्याने वाढतो. जन्मल्यावर थोड्याच वेळात उभं राहून डोकं सावरायचं असतं, त्याची तयारी पोटातच झालेली असते.

रानवेडी

छान चर्चा. कुत्र्या-मांजरांत काय असतं? आमचा कुत्रा जमिनीला नाक लावून मैलोनमैल चालतो, तरी त्याची मान दुखताना पाहिली नाही.

अक्षक

रानवेडी, तुमच्या कुत्र्यात तो आहे, पण आखूड. दुसऱ्या मानेच्या मणक्याच्या काट्यापासून छातीच्या पहिल्या मणक्याच्या काट्यापर्यंत. कवटीला तो पोचतच नाही. तिथून पुढचं काम स्नायू करतात. पडदाही नाही, नुसता दोर. तरी नाक जमिनीला लावून चालताना मणक्यांचा भार तो पेलतो, आणि वास काढत लांब जाणाऱ्या प्राण्याला त्याचा उपयोग होतोच.

मांजरात तो नाही. डुकरातही नाही, किंवा असलाच तर अगदी खुणेपुरता.

हीच यादी मला सगळ्यात बोलकी वाटते. हत्तीत आहे, आणि हत्तीच्या कवटीला मागच्या बाजूने त्याच्यासाठी खोल खड्डा आहे. उंटात आहे, जिराफात आहे, मेंढीत आहे. डोकं जड किंवा मान लांब, आणि ते डोकं दिवसभर खाली-वर करायचं, असा हिशेब जिथे येतो तिथे अस्थिबंध जाड होतो. मांजर शिकारीला दबा धरतं, झेप घेतं, थोडं पळतं, थांबतं. आखूड मानेवरचं हलकं डोकं स्नायूंनी सावरलं तरी त्याला परवडतं.

लांबपल्ला

मी धावणारा आहे आणि शर्यतींसाठी इतरांना तयार करतो. आमच्यात या अस्थिबंधाचं नाव फार आदराने घेतलं जातं, त्याचं कारण सांगतो.

२००४ साली ब्रॅम्बल आणि लिबरमन यांनी 'नेचर'मध्ये मांडलं की माणसाचं शरीर लांब अंतर धावण्यासाठी घडलं आहे. पुराव्यांच्या यादीत पायाचे स्प्रिंगसारखे टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) होते, मोठे नितंब-स्नायू होते, घामाची व्यवस्था होती, आणि मानगुटीचा अस्थिबंधही होता. धावताना टाच जमिनीला लागते त्या क्षणी धड थांबतं आणि डोकं पुढे झुकू पाहतं. ते सावरलं नाही तर डोळ्यांपुढचं दृश्य हिंदकळत राहील. चिंपांझीत हा अस्थिबंध नाही, त्यांचं डोकं जाड स्नायूंनी खांद्यांना बांधलेलं असतं. माणसात आहे. शिवाय आपला ट्रॅपीझियस या शिवणीत मिसळतो आणि खाली खांद्याला जोडलेला असतो, म्हणजे हाताच्या हेलकाव्याचं वजन डोक्याच्या विरुद्ध दिशेने कामी येतं.

ट्रेडमिलवर पळणाऱ्या डुकराचं डोकं किती हिंदकळतं हे पाहून हा विचार सुचल्याचं त्यांनी सांगितलं आहे. डुकरात अस्थिबंध नाही, हे वर आलंच आहे. धावणाऱ्या घोड्याचं किंवा कुत्र्याचं डोकं पाहा, किती स्थिर असतं.

मला ही मांडणी पटते. थकलेल्या धावपटूला मी रोज पाहतो. शेवटच्या टप्प्यात आधी खांदे वर चढतात, हात आवळले जातात आणि मग डोकं डुलायला लागतं. हात मोकळे सोडायला सांगितलं की डोकं पुन्हा शांत होतं.

अक्षक

लांबपल्ला, तुमचं निरीक्षण मला मोलाचं वाटतं. हात आणि डोकं यांचा संबंध ट्रॅपीझियसमधून जातो आणि तो भाग मला मान्य आहे. माझा आक्षेप अस्थिबंधाला दिलेल्या श्रेयावर आहे.

घोड्यात या अस्थिबंधाने किती काम होतं हे गेलमन आणि बर्ट्रम यांनी २००२ साली मोजलं. डोकं-मान हलवायला लागणाऱ्या कामातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा संथ चालीत अस्थिबंध उचलतो. दुडकी आणि दौड यांत तो साधारण एक तृतीयांशावर येतो. म्हणजे वेग वाढला की त्याचा वाटा कमी होतो आणि स्नायूंचा वाढतो. ज्या प्राण्यात हा दोर सगळ्यात भक्कम, त्याच्यातही त्याची खरी कमाई संथ चालताना आणि चरताना आहे.

आता आपली गोष्ट. डोकं सरळ असताना आपली शिवण ढिली असते. ढिली पट्टी धक्का झेलू शकत नाही, आधी डोकं बरंच पुढे झुकायला हवं. ती कोलॅजनची आहे, त्यामुळे घोड्याच्या दोरासारखी ताणून ऊर्जा परत देणार नाही. शिवाय आपल्या पूर्वजांच्या जुन्या कवट्यांवरून ती होती की नाही हे ठरवायचं तर कवटीच्या मागच्या मधल्या कडेवर विसंबावं लागतं, आणि ती कड आजच्या माणसांतही कुणात ठळक, कुणात पुसट असते.

आपल्या पाठकण्यात खरोखर पिवळा, इलॅस्टिनने भरलेला अस्थिबंध आहेच. मणक्यांच्या मागच्या कमानींना आतून जोडणारा लिगामेंटम फ्लॅवम. घोड्याच्या दोराचं रासायनिक भावंड शोधायचं तर तिथे शोधावं, मानगुटीच्या शिवणीत नाही.

लांबपल्ला

ढिलेपणाचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. पण धावताना आपण किंचित पुढे झुकलेले असतो आणि ट्रॅपीझियस आकुंचन पावला की शिवण बाजूंनी ताणली जाते. ताणाचा उगम स्नायूत असला तरी तो डोक्यापर्यंत पोचवायला मध्यरेषेवर काहीतरी पकड लागतेच ना?

अक्षक

हो, हे मी पूर्ण मान्य करतो. दोन्ही बाजूंचे स्नायू जिथे भेटतात ती जागा पक्की हवी, नाहीतर ओढ कुणाला द्यायची? आपल्या अस्थिबंधाचं मुख्य काम हेच आहे असं मला वाटतं.

लगाम

घोडेस्वारीच्या बाजूने विचारतो. आमचे शिक्षक सांगतात, घोड्याला डोकं खाली, मान लांब करून चालवलं की पाठ उचलली जाते. यात तथ्य आहे का? आणि मान आवळून हनुवटी छातीला लावून चालवण्याबद्दल काय मत?

खूर_आणि_टाप

तथ्य आहे. दोराचं मागचं टोक खांद्यावरच्या काट्यांना आहे आणि तिथून पुढे पाठीवरचा सुप्रास्पायनस अस्थिबंध माकडहाडाच्या दिशेने जातो. घोड्याने मान खाली-पुढे नेली की दोर ते काटे पुढे ओढतो, काटे एकमेकांपासून फाकतात आणि छातीमागची पाठ थोडी वर येते. परिणाम मुख्यतः पाठीच्या पुढच्या भागात दिसतो. पोटाच्या आणि मागच्या पायांच्या स्नायूंनी साथ दिली नाही तर तेवढ्याने भागत नाही.

मान आवळून चालवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. त्या स्थितीत दोराची कवटीकडची बाजू आणि पहिल्या दोन मणक्यांवरची जागा सतत दाबाखाली राहते. या दोन्ही मणक्यांवर दोराखाली पाण्याच्या पिशव्या असतात, बर्सा, म्हणजे घर्षण टाळणाऱ्या गाद्या. तिथे सूज आली की घोडा लगाम चढवू देत नाही, डोकं वर झटकतो, एका बाजूला वळायचं टाळतो. दोर कवटीला चिकटतो तिथे एक्स-रेत हाड वाढलेलं दिसतं. मात्र असं वाढलेलं हाड बऱ्याच निरोगी घोड्यांतही दिसतं, म्हणून नुसत्या चित्रावरून निदान करू नये.

पुढच्या बर्सात संसर्ग झाला तर त्याला पोल इव्हिल म्हणतात आणि खांद्यावरच्या बर्सात झाला तर फिस्टुलस विदर्स. गाठ, मग पू, मग वाहणारी भोकं. त्यात ब्रुसेला अॅबॉर्टस हा जंतू निघू शकतो आणि तो माणसालाही होतो. म्हणून कळकळीने सांगते, अशी गाठ उघड्या हातांनी पिळू नका. हातमोजे घाला आणि पशुवैद्याला बोलवा.

याच अस्थिबंधात ऑन्कोसर्का सर्व्हिकॅलिस नावाची कृमी राहते. क्युलिकॉइडिस जातीची बारीक चावरी माशी तिची पिल्लं एका घोड्यातून दुसऱ्यात नेते. प्रौढ कृमी मानगुटीत, पिल्लं कातडीत, पोटाच्या मध्यरेषेवर खाज आणि खपल्या. आयव्हरमेक्टिन या औषधाने पिल्लं मरतात, आतली प्रौढ कृमी मरत नाही.

आणि आयाळीखाली जाड, कडक, एका बाजूला कलणारी वळी दिसली तर तो अस्थिबंध नव्हे, त्याच्यावरची चरबी. अशा घोड्यात इन्सुलिनचं गणित बिघडलेलं असण्याची शक्यता मोठी आणि खुरांच्या आजाराचा धोकाही. ती दिसली की तपासणी करून घ्या.

मानदुखी

माझ्या मानेच्या एक्स-रेत मागच्या बाजूला मणक्यांपासून सुटा, लहान हाडाचा तुकडा दिसला. अहवालात मानगुटीच्या अस्थिबंधाचं अस्थीकरण असं लिहिलंय. फार घाबरायला झालं. मोबाईलने डोक्याला मागे शिंग येतं अशी बातमीही वाचली होती, हे तेच का?

हाडवाचक

रेडिओलॉजीत काम करतो, म्हणून लिहितो. तुमचा अहवाल तुमच्या डॉक्टरांनीच पाहायला हवा, पण घाबरू नका.

अस्थीकरण म्हणजे मऊ भागात हाड तयार होणं. अस्थिबंधात असा तुकडा बहुधा पाचव्या-सहाव्या मणक्याच्या मागे दिसतो. वाढत्या वयात तो सर्रास सापडतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत योगायोगाने कळतो. स्वतः तो क्वचितच दुखतो. त्याचं महत्त्व एवढंच, की अशा माणसात मणक्यांची झीज किंवा मज्जारज्जूच्या पुढच्या अस्थिबंधाचं अस्थीकरण सोबत असू शकतं. हातात मुंग्या, बोटांतली पकड ढिली होणं, चालताना तोल जाणं यांपैकी काही असेल तर वेळ न घालवता दाखवा.

आम्ही एक गोष्ट काळजीने पाहतो. तुकड्याच्या कडा गुळगुळीत, गोलसर असतील तर तो अस्थीकरणाचा. कडा खडबडीत आणि समोरच्या काट्यावर जुळणारी खाच असेल तर काटा मोडलेला असू शकतो. सहाव्या, सातव्या किंवा छातीच्या पहिल्या मणक्याचा काटा असा स्नायूंच्या झटक्याने तुटतो. फावड्याने जड माती फेकणाऱ्यांत तो पूर्वी खूप दिसायचा, म्हणून त्याला क्ले शॉव्हलर्स फ्रॅक्चर नाव पडलं.

शिंगाची बातमी २०१९ ची. तिच्यामागचा शोधनिबंध २०१८ चा होता आणि कवटीच्या मागच्या उंचवट्यावर वाढलेल्या हाडाबद्दल होता. त्यात मोबाईलचा वापर मोजलेलाच नव्हता, आणि पुढे निबंधात दुरुस्तीही छापावी लागली. तो उंचवटा अनेकांत, विशेषतः पुरुषांत, मोठा असतो. मोबाईल येण्याआधीच्या कवट्यांवरही तो आहे.

मानदुखी

मनापासून आभार. हातात मुंग्या नाहीत. तरी या आठवड्यात अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटते.

रानवेडी

शेवटची शंका. जिराफाचं काय? एवढ्या लांब मानेला वर धरायला केवढा दोर लागत असेल.

खूर_आणि_टाप

रानवेडी, जिराफाच्या मानेतही मणके सातच असतात, फक्त एकेक मणका खूप लांब. दोर अतिशय जाड आहे आणि खांद्याचे काटे इतके उंच की तिथे वशिंडासारखा उठाव दिसतो. अस्थिबंधाची ओढ कायम वरच्या दिशेला असल्यामुळे मान उभी ठेवायला जिराफाला फारसे कष्ट पडत नाहीत. खाली आणायला मात्र मानेच्या पुढच्या स्नायूंना त्या ओढीविरुद्ध जोर लावावा लागतो.

पाणी पिताना पुढचे पाय फाकवावे लागतात ते मात्र दोरामुळे नव्हे. पाय इतके लांब आहेत की दोन मीटरची मानही जमिनीला पुरत नाही.